व्रतस्थ छायाचित्रकार आत्जे

यंदा आम्ही वाचकांस फ्रान्समधील यूजीन आत्जे यांचे चरित्र सादर करीत आहोत. 1857 साली लिबूर्न येथे जन्मलेले आत्जे बालपणीच पोरके झाले. आधी खलाशी, मग नट होऊन अखेर ते छायाचित्रणाकडे वळले. जुने पॅरिस तेव्हा पाडले जात होते. ते टिपण्यासाठी भात्याचा लाकडी कॅमेरा, तिपाई व 18×24 सेंटिमीटरच्या काचा घेऊन ते पहाटेच निघत. हा क्रम सुमारे तीस वर्षे चालला. हलके कॅमेरे निघाले, तरी त्यांनी हा सोबती सोडला नाही. भिंग वर सरकवून उंच इमारत सरळ टिपणे त्यातच साधे. त्यापायी कित्येक चित्रांचे वरचे कोपरे काळवंडले, त्याची त्यांनी पर्वा केली नाही.

1920 साली 2,621 काचा त्यांनी सरकारला 10,000 फ्रँकांस विकल्या. 1927 साली ते निवर्तले. उरलेला संग्रह बेरेनिस अ‍ॅबट या तरुण छायाचित्रकर्तीने 1928 साली मिळविला व चाळीस वर्षे सांभाळला. 1968 साली तो न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने घेतला. पाडलेले पॅरिस आज त्या काचांतच उरले आहे. आपल्याही घरी वाडवडिलांच्या अशा काचा असतील, त्या मोडीत घालू नयेत, एवढीच ज्ञातिबांधवांस आमची विनंती.