सोलापूरचे सिद्धरामेश्वर: कातळाच्या गावात तलाव खोदणारा योगी

संक्रांत आली की सोलापुरात पांढऱ्या बाराबंदीतले भक्त उंचच उंच नंदीध्वज पेलत निघतात. ही गड्ड्याची यात्रा ज्यांच्या नावाने भरते, ते सिद्धरामेश्वर नेमके कोण होते?

सोन्नलगीचा गुराखी

बाराव्या शतकात सोलापूरला सोन्नलगी म्हणत. तिथे मुद्दगौडा आणि सुग्गलादेवी यांच्या पोटी सिद्धराम जन्मले. लहानपणी ते गुरं राखायचे. आख्यायिका सांगते की, रानात भेटलेल्या एका जंगमाने त्यांच्याकडे दहीभात मागितला. सिद्धराम तो घेऊन आले, तर जंगम गायब! त्याला शोधत हा पोर थेट श्रीशैलला पोहोचला आणि मल्लिकार्जुनाचं दर्शन घेऊन परतला. गावात त्यांनी 68 लिंगांची स्थापना केली, देऊळ उभारलं आणि तलाव खोदायला घेतला.

तलावच का?

सोलापूर पर्जन्यछायेत येतं. खाली आहे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा कातळ. वाळूसारखं पाणी हा कातळ शोषत नाही. पाणी मुरतं ते वरच्या मुरमात, कातळाच्या भेगांत आणि लाव्हाच्या दोन थरांमधल्या फटीत. या भेगा अरुंद, त्यामुळे पाणी हळूहळूच आत जातं. पाऊस मात्र चार दिवसांत कोसळून वाहून जातो. तलाव ते पाणी अडवतो, मुरायला वेळ देतो आणि आसपासच्या विहिरींना पाझर मिळतो. तळाशी गाळ साचला की हा पाझर मंदावतो, म्हणून गाळ काढावाच लागतो.

अल्लमप्रभूंचा टोला

काम सुरू असताना अल्लमप्रभू आले. त्यांनी सिद्धरामांना चक्क वड्डर, म्हणजे दगडमाती खोदणारा, म्हणून हिणवल्याची कथा आहे. बाहेर एवढं खोदलंस, पण स्वतःच्या आत किती उतरलास, असा त्यामागचा सवाल होता. तो जिव्हारी लागला. सिद्धराम कल्याणला बसवेश्वरांच्या शरणांमध्ये गेले. तिथे चन्नबसवण्णांनी त्यांना दीक्षा दिली. त्यांनी कन्नडमध्ये वचनंही रचली. परंपरेनुसार त्यांची समाधी सोलापूरच्या देवळातच आहे.

आज काय?

भुईकोट किल्ल्यालगतच्या त्या तलावात देऊळ आजही उभं आहे. शहराची तहान मात्र आता मुख्यतः भीमेवरच्या उजनी धरणावर अवलंबून आहे. उन्हाळ्यात गावोगावी बोअर खोल जातात, पण कातळाच्या भेगांतून निघणार तेवढंच, जेवढं पावसाळ्यात मुरलं. सिद्धरामांनी आधी पाणी अडवलं. आपण आधी उपसतो, फरक इतकाच!