खरखर घालवणारा माणूस: एडविन आर्मस्ट्राँग

फोनमधलं एफएम ॲप उघडलं की ते आधी इअरफोन लावायला सांगतं. ब्लूटूथवाले चालत नाहीत, वायरवालेच लागतात, कारण ती वायरच रेडिओचा अँटेना असते. घरच्या स्टीरिओचंही तसंच आहे. मागे लोंबणारी पातळ वायर गुंडाळून ठेवली तर स्टेशन खरखरणारच. ती सरळ ताणून भिंतीवर लावा, जमलं नाही तर हात-दोन हात इकडेतिकडे सरकवून बघा. बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं.

आता त्याच स्टीरिओवर एएम लावा. मिक्सर, एलईडी बल्ब, मोबाइलचा स्वस्त चार्जर, सगळे मिळून कडकड सुरू करतील. मग एफएमवर हा त्रास एवढा कमी का? याचं उत्तर न्यू यॉर्कच्या एडविन आर्मस्ट्राँगने शोधलं, आणि ते त्याला फार महाग पडलं.

त्याचा जन्म १८ डिसेंबर १८९० चा. लहानपणी मोठं आजारपण झालं, शाळा बुडाली, आणि मान-खांदा झटकण्याची सवय जन्मभर राहिली. घरी बसून पोरगं तारा जोडत बसायचं. पुढे अंगणात त्याने शंभर फुटांहून उंच अँटेना उभारला आणि त्यावर स्वतःच चढायचा. कोलंबिया विद्यापीठात शिकत असतानाच, १९१२ मध्ये, त्याने व्हॅक्यूम ट्यूबमधून निघालेला सिग्नल फिरवून परत तिच्यातच सोडला. कानाला जेमतेम लागणारी दूरची स्टेशनं खणखणीत ऐकू येऊ लागली. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याबरोबर पॅरिसमध्ये असताना दुसरी युक्ती सुचली: स्टेशन कुठलंही असो, त्याची फ्रिक्वेन्सी आधी एका ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आणायची आणि मगच आवाज वाढवायचा. हेच सुपरहेटरोडाइन. सुया आणि काटे असलेल्या जुन्या ट्यूनरपासून पुढच्या कित्येक पिढ्यांचे रेडिओ याच तत्त्वावर चालले.

पेटंट विकून तो श्रीमंत झाला. आरसीए कंपनीतले बडे अधिकारी डेव्हिड सार्नॉफ यांच्याशी दोस्ती जमली, आणि त्यांचीच सेक्रेटरी मॅरियन हिच्याशी १९२३ मध्ये लग्न झालं. लग्नाची भेट म्हणून त्याने तिला पोर्टेबल रेडिओ बनवून दिला. उचलायला चांगलाच जड होता, पण हौस म्हणजे हौस!

खरखर मात्र कोणालाच घालवता येत नव्हती. एएममध्ये आवाज लहरीच्या उंचीवर स्वार होऊन येतो. आकाशातली वीज असो की घरातली मोटर, तिचा धक्काही त्याच उंचीत मिसळतो, मग गाणं कुठलं आणि कचरा कुठला हे रेडिओला कळणार कसं? बाकीचे लोक कचरा गाळायला बसले होते. आर्मस्ट्राँगने गाणंच दुसरीकडे हलवलं. लहरीची उंची कायम ठेवायची आणि आवाजाप्रमाणे फ्रिक्वेन्सी कमीजास्त करायची. रेडिओने उंचीतला चढउतार सरळ छाटून टाकायचा, त्यासोबत खरखरही जाते. कल्पना जुनीच होती. जॉन कार्सन या गणितज्ञाने १९२२ मध्ये तिचा काही फायदा नाही असा निष्कर्षही काढला होता. पण तो हिशोब अरुंद पट्ट्याचा होता. आर्मस्ट्राँगने उलट पट्टा भरपूर रुंद केला, आणि तिथेच गणित फिरलं. २६ डिसेंबर १९३३ ला पेटंट मिळाली.

१९३४ मध्ये आरसीएने एम्पायर स्टेट इमारतीवरून चाचण्या करू दिल्या. चाचण्या उत्तम झाल्या, तरी १९३५ मध्ये त्याला आपलं सामान हलवायला सांगण्यात आलं. कंपनीचा पैसा एएममध्ये अडकला होता आणि डोळा टीव्हीवर होता. त्याच वर्षी ट्यूबच्या जुन्या शोधाचा खटलाही तो सुप्रीम कोर्टात हरून बसलेला होता, निकाल आदल्याच वर्षी लागला होता. तरी गडी हटला नाही. न्यू जर्सीतल्या अल्पाइन गावी त्याने स्वतःच्या पैशाने टॉवर बांधला आणि एफएम स्टेशन चालवलं.

लोक एफएम सेट घेऊ लागले होते. तेव्हा ते ४२ ते ५० मेगाहर्ट्झवर चालायचं. १९४५ मध्ये सरकारने पट्टाच वर सरकवला, आजच्या ८८ च्या पुढे, आणि घराघरांतले जुने सेट कुचकामी झाले. फोन चांगला असूनही नेटवर्कच बंद पडावं, तसं. त्यात कंपन्या त्याचंच तंत्र वापरून रॉयल्टी देईनात. १९४८ मध्ये त्याने आरसीएवर खटला भरला. वर्षं गेली, पैसा गेला, घरात भांडणं झाली, मॅरियन बहिणीकडे निघून गेली. १९५४ च्या जानेवारीअखेर, तिच्या नावे चिठ्ठी लिहून, त्याने आपलं आयुष्य संपवलं.

अमेरिकेत एफएम स्टीरिओ सुरू झालं ते १९६१ मध्ये. त्याची एक गंमत तुमच्या कामाची आहे. डाव्या-उजव्या आवाजातला फरक वेगळा, वरच्या फ्रिक्वेन्सीवर पाठवतात, आणि सिग्नल कमजोर झाला की पहिली सळसळ तिथूनच येते. दूरचं स्टेशन सूं सूं करत असेल तर स्टीरिओवरचं मोनो बटण दाबा, आवाज एकदम शांत होईल. एएमवर मात्र घरातले चार्जर एकेक करून काढून बघणं आणि आतला किंवा मागचा अँटेना फिरवून बघणं, एवढाच उपाय.

मॅरियनने खटले सोडले नाहीत. आरसीएने १९५४ संपता संपता तडजोड केली. बाकी कंपन्यांशी ती लढतच राहिली, शेवटचा खटला तिने १९६७ मध्ये जिंकला. अल्पाइनचा टॉवर अजून उभा आहे. २००१ मध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटर कोसळलं आणि तिथले अँटेना गेले, तेव्हा न्यू यॉर्कच्या काही टीव्ही स्टेशनांनी आपलं प्रसारण याच टॉवरवरून चालू ठेवलं होतं.