घरंदाज गवई अल्लादियाखाँ

गवई जातो, पण हल्ली त्याच्या ध्वनिमुद्रिका मागे राहतात. अब्दुल करीमखाँ आणि आपल्या बडोद्याचे फैयाझखाँ आजही आपल्याला ऐकता येतात. अल्लादियाखाँसाहेबांची मात्र एकही ध्वनिमुद्रिका नाही. १६ मार्च १९४६ रोजी, नव्वदी पार केल्यावर, ते मुंबईत पैगंबरवासी झाले आणि त्यांचा आवाज त्यांच्याबरोबरच गेला. तरीही त्यांची गायकी आजतागायत जिवंत आहे; कारण ती त्यांनी भावाच्या, मुलांच्या, शिष्यांच्या आणि स्नेह्यांच्या गळ्यात ठेवली. खाँसाहेबांचे चरित्र सांगायचे म्हणजे या माणसांविषयीच सांगावे लागते.

त्यांचा जन्म १० ऑगस्ट १८५५ रोजी राजस्थानातील उणियारा येथे झाला. घराणे मूळचे धृपदियांचे. वडील अहमदखाँ लवकर वारले आणि पोरक्या मुलाला चुलते जहांगीरखाँ यांनी जवळ केले. वर्षानुवर्षे पदरी बसवून त्यांनी धृपद आणि ख्यालाची विद्या दिली. पुढे खाँसाहेबांनी हेच ऋण धाकटे बंधू हैदरखाँ यांच्या रूपाने फेडले. दोघे भाऊ जोडीने गात आणि मैफलीत थोरल्याच्या आवाजाला धाकट्याच्या आवाजाचा आधार असे.

तो आधार पुढे किती मोलाचा ठरणार होता, याची तेव्हा कोणालाच कल्पना नव्हती. माळव्यातील आमलेटा या लहानशा संस्थानी खाँसाहेबांचा मुक्काम होता. तेथील धन्याला गाण्याचे वेड होते. दिवसामागून दिवस, तासन् तास गावे लागले आणि अखेरीस तो सुरेल, पातळ आवाज बसला. गवयाचा आवाज जाणे म्हणजे घरातली चूलच विझणे. बराच काळ लोटल्यावर आवाज उमटू लागला, पण तो पूर्वीचा नव्हता. खाँसाहेबांनी नशिबाला दोष देण्यात वेळ घालवला नाही. या जड आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी बांधली. मोकळा आकार, लयीला बिलगून जाणारे स्वर, वळणावळणाची तान, आणि बसंती केदार, नट कामोद यांसारखे जोडराग. जयपूर घराण्याची म्हणून आज जी गायकी आपण ओळखतो, ती या आपत्तीतून घडली.

१८९५ साली शाहू छत्रपतींनी त्यांना कोल्हापूर दरबारी आणले आणि संसार स्थिरावला. नसीरुद्दीन, बद्रुद्दीन आणि शमसुद्दीन हे तीन मुलगे. घरची नावे बडेजी, मंजी आणि भूर्जी. विद्या तिघांनाही दिली, पण तिघांची दैवे निराळी. बडेजींची प्रकृती मैफलीला साथ देईना. मंजीखाँ बुद्धीने तल्लख आणि स्वभावाने स्वतंत्र. ख्यालाबरोबर भजने व मराठी पदेही ते रंगवीत आणि मध्यंतरी काही वर्षे गाणे बाजूस ठेवून त्यांनी जंगलखात्यात नोकरीही केली. भूर्जीखाँ शांतपणे शिकत आणि शिकवीत राहिले.

स्नेहाच्या बाबतीतही खाँसाहेबांचा हात सढळ होता. आपल्या बडोदे संस्थानातील कठोर गावी जन्मलेले भास्करबुवा बखले हे आग्रा घराण्याच्या नत्थनखाँचे शिष्य. नत्थनखाँच्या मागे ते खाँसाहेबांकडे आले, तेव्हा दुसऱ्याच्या तालमीतला म्हणून खाँसाहेबांनी त्यांना परतवले नाही. ज्या काळी चीज पोटच्या पोराखेरीज कोणाला देत नसत, त्या काळातली ही गोष्ट आहे. १९२२ साली ८ एप्रिलला भास्करबुवा गेले आणि ६ मे रोजी शाहू महाराज. एका महिन्याच्या आत शिष्य आणि आश्रयदाता दोघेही अंतरले. पुढे खाँसाहेबांनी कोल्हापूर सोडले आणि मुंबईस बिऱ्हाड केले.

मुंबईत केसरबाई केरकर त्यांच्यापाशी कठोर तालीम घेत होत्या. मोगूबाई कुर्डीकरांना पूर्वी सांगलीत खाँसाहेबांनीच शिकवले होते. मुंबईत त्यांना हैदरखाँ शिकवू लागले. शिष्यवर्गातील चढाओढीपायी हैदरखाँना मुंबई सोडावी लागली. जन्मभर साथ दिलेल्या भावाला थांबवून घेणे खाँसाहेबांना जमले नाही. त्यांच्या चरित्रातील ही बोचणारी जागा आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. १९३४ साली त्यांनी मोगूबाईंना पुन्हा आपला गंडा बांधला. हैदरखाँची विद्याही वाया गेली नाही. आपल्या दरबारच्या गायिका लक्ष्मीबाई जाधव त्यांच्याच शिष्या. त्यांच्या गळ्यातून ती बडोद्यास पोहोचली.

सर्वांत मोठा घाव १९३७ साली बसला. ऐन भरात असलेले मंजीखाँ गेले. ब्याऐंशीच्या घरातल्या बापाने कर्त्या मुलाला मूठमाती द्यावी, याहून मोठे दुःख कोणते? मंजीखाँपाशी नुकतेच शिकू लागलेले मल्लिकार्जुन मन्सूर उघडे पडले. त्यांना भूर्जीखाँनी हाताशी धरले. एका भावाने अर्ध्यावर सोडलेली तालीम दुसऱ्याने पुढे नेली. घराणे म्हणतात ते हेच. अखेरच्या वर्षांत खाँसाहेबांनी आपल्या आठवणी भूर्जीखाँचे चिरंजीव अझीझुद्दीन यांना सांगितल्या आणि नातवाने त्या टिपून ठेवल्या. गोविंदराव टेंब्यांनी त्यांचे चरित्र लिहिले.

आम्ही शिकवणारे विद्यार्थ्यांना रागांची चलने सांगतो, तानांचे पल्ले घोटवून घेतो. त्याबरोबर हेही सांगावे की ही विद्या एका पोरक्या मुलाला चुलत्याने दिली, त्याने ती परक्यालाही दिली आणि तिच्यासाठी घरातल्यांनी पुष्कळ सोसले. मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकर गात, तेव्हा त्या तानेत खाँसाहेबच होते. तीच त्यांची ध्वनिमुद्रिका.