बॉड या शब्दामागचा माणूस : एमिल बोदो

युनिक्स यंत्राचा कारभार पाहणाऱ्या माणसाच्या तोंडी एक शब्द दिवसातून दहादा येत असे : बॉड. टर्मिनलचा वेग किती, तर ९६०० बॉड. मोडेमचा किती, तर १२०० किंवा २४००. अनेक वर्षे मीही हा शब्द वापरला आणि तो कोठून आला याचा कधी विचार केला नाही. तो एका माणसाच्या आडनावाचा तुकडा आहे हे मला माझ्याच एका फजितीनंतर कळले. त्या माणसाचे नाव जाँ मोरिस एमिल बोदो. ती फजिती सांगितल्याशिवाय त्यांच्या चरित्राकडे वळता येत नाही, म्हणून थोडे विषयांतर वाचकांनी सहन करावे.

१९९०नंतरच्या त्या वर्षांत मी ज्या कचेरीत होतो, तेथे युनिक्स सिस्टिम फाइव्ह, रिलीज फोर या जातीचे एक यंत्र होते. खोलीच्या मधोमध यंत्र आणि त्याला केबलींनी जोडलेली सोळा टर्मिनले. केबल यंत्राला जिथे येऊन मिळते ते पोर्ट. या पोर्टांवर नजर ठेवणाऱ्या प्रोग्रॅमला पोर्ट मॉनिटर म्हणत. जुन्या वाड्याच्या देवडीवर पहारेकरी बसे, तसाच हा. कोणी दार वाजवले की तो उठतो, नाव विचारतो आणि आलेल्याला आत योग्य माणसाच्या स्वाधीन करून पुन्हा आपल्या जागी येऊन बसतो. त्या आधीच्या युनिक्समध्ये गेटी नावाचा प्रोग्रॅम होता, पण त्याची रीत खर्चिक : सोळा दारे तर सोळा पहारेकरी. रिलीज फोरमध्ये टीटीवायमॉन आला आणि एकच पहारेकरी सगळी दारे सांभाळू लागला. या पहारेकऱ्यांवरही एक जमादार असे, त्याचे नाव सॅक. एखादा पहारेकरी पडला तर त्याला पुन्हा उभे करणे हे जमादाराचे काम. पहारेकरी नेमायचा किंवा काढायचा तर सॅकॲडम ही आज्ञा; एखादे दार उघडायचे, बंद करायचे, त्या दाराशी कोणती सेवा द्यायची ते ठरवायचे, तर पीएमॲडम.

प्रत्येक दाराच्या नोंदीत एक खूण लिहावी लागे. त्या खुणेवरून पहारेकरी दुसऱ्या एका तक्त्यात पाहून या ओळीवर कोणत्या वेगाने बोलायचे ते ठरवी. एका संध्याकाळी मी नवा मोडेम जोडताना घाईने चार टर्मिनलांच्या नोंदी पुसून पुन्हा लिहिल्या, आणि ९६००च्या जागी ४८००ची खूण लिहून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी चार लेखनिक आपापल्या पडद्यांसमोर हताश बसलेले. पडद्यावर नाव विचारणारी ओळ यायची, तिथे कंस, टिंबे आणि चित्रविचित्र चिन्हे. महिनाअखेर होती. पगारपत्रके अडली होती. मी केबली हलवून पाहिल्या, टर्मिनल बदलून पाहिले, यंत्र बंद करून चालू करण्यापर्यंत मजल गेली.

तोडगा सुचवला तो संगणकाशी काही संबंध नसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी. ते तार खात्यातून निवृत्त झालेले, काही कामासाठी कचेरीत आले होते. पडद्याकडे क्षणभर पाहून त्यांनी सांगितले की दोन्ही टोकांचा ताल जुळत नाही. तारयंत्रातही असेच होई. मी नोंद उघडली, चूक दिसली, ती सुधारली आणि दहा मिनिटांत काम सुरू झाले. चहा घेताना त्यांनीच मला सांगितले की मी ज्याला बॉड म्हणतो ते एका फ्रेंच तारबाबूचे नाव आहे. तारबाबू हा त्यांचाच शब्द. पुढे मी जे वाचले त्यावरून तो अगदी योग्य होता असे मला वाटते.

बोदो यांचा जन्म ११ सप्टेंबर १८४५ रोजी फ्रान्सच्या ओत-मार्न प्रांतातील मान्यो या खेड्यात झाला. वडील शेतकरी. शिक्षण गावच्या प्राथमिक शाळेपुरते, तेवढेच. पुढे शेतात राबणे. वयाच्या चोविसाव्या वर्षी, १८६९ साली, ते टपाल व तार खात्यात उमेदवार म्हणून लागले. खात्याने त्यांना मोर्सचे यंत्र शिकवले आणि मग ह्यूज यांच्या छापणाऱ्या तारयंत्राच्या चार महिन्यांच्या शिक्षणक्रमाला पाठवले. या माणसाला मिळालेले सारे तांत्रिक शिक्षण एवढेच. १८७०च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात त्यांनी काही काळ सेवा केली आणि १८७२ साली ते पॅरिसला कामावर परतले.

मोर्सच्या यंत्रात ऐकणाऱ्याला टिंब-रेघांची अक्षरे करून घ्यावी लागत. ह्यूजचे यंत्र पलीकडच्या टोकाला थेट रोमन अक्षरे छापी. पण एका तारेवर एका वेळी एकच माणूस काम करू शके. शेकडो मैल तांब्या-लोखंडाची तार टाकायची, खांब उभारायचे आणि एका माणसाचा हात जेवढा चालेल तेवढेच तिच्यातून पाठवायचे. एका अक्षरानंतर दुसरे येईपर्यंत तार रिकामीच. मेयर नावाच्या आणखी एका फ्रेंच तंत्रज्ञाने तारेचा वेळ अनेकांत वाटून देण्याची युक्ती काढली होती. बोदो यांनी ह्यूजची छपाई आणि मेयरची वाटणी एकत्र आणली, आणि त्यात स्वतःची अशी एक गोष्ट घातली : प्रत्येक अक्षराला सारख्याच लांबीचे पाच ठोके. मोर्समध्ये एक अक्षर आखूड तर दुसरे लांब. ज्याची लांबी ठाऊक नाही त्याची समान वाटणी कशी करणार? पाच ठोक्यांत प्रत्येक ठोका असा किंवा तसा, म्हणजे एकूण ३२ रचना. अक्षरांसाठी एक आणि आकड्यांसाठी एक अशी पालटण्याची खूण ठेवली की त्याच ३२ रचना दोनदा वापरता येतात. या यंत्राचे पेटंट त्यांनी जून १८७४मध्ये घेतले.

त्याची रचना मला अजूनही मोहात पाडते. दोन्ही टोकांना एकेक फिरती तबकडी, तिला वितरक म्हणू. तिच्यावरून ब्रश फिरतो आणि तबकडीचे भाग आळीपाळीने एकेका कारकुनाच्या वाट्याला येतात. चार कारकून असतील तर प्रत्येक फेरीत प्रत्येकाला एकदा तार मिळते. कारकुनापुढे फक्त पाच कळा, दोन डाव्या हाताला आणि तीन उजव्या. मिनिटाला १८० फेऱ्या, म्हणजे प्रत्येकाची सेकंदाला तीन अक्षरे. चौघांचे मिळून सेकंदाला साठ ठोके, आणि दोन्ही तबकड्या एकमेकींशी जुळत्या राहाव्यात म्हणून लागणारे ठोके वेगळे. तबकड्या जुळल्या नाहीत तर एकाचे अक्षर दुसऱ्याच्या कागदावर उमटणार किंवा भलतेच काही छापले जाणार. माझ्या त्या चार पडद्यांवर हेच झाले होते.

पण आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. कारकुनाने कळा दाबल्या की त्या जागीच अडकून राहत. ब्रश त्याच्या भागावरून जाऊन आला की खट् असा आवाज होऊन कळा सुटत आणि पुढचे अक्षर त्याच क्षणी दाबावे लागे. सेकंदाला तीन खटके, तासन्‌तास. उशीर केला तर ती फेरी वाया गेली. या यंत्रापुढे माणूस यंत्राच्या तालावर बसला. पोर्ट मॉनिटरचे उलट आहे. पहारेकरी वाट पाहत बसतो आणि माणूस येईल तेव्हा जागा होतो. नाव टंकायला लेखनिकाने पाच मिनिटे लावली तरी त्याची तक्रार नाही. वेग जुळत नसेल तर माणसाने ब्रेकची कळ दाबावी. पहारेकरी तक्त्यातला पुढचा वेग घेऊन पुन्हा नाव विचारतो. (त्या सकाळी ही कळ दाबायचे मला सुचले नाही, ही गोष्ट वेगळी.)

१८७७च्या नोव्हेंबरात पॅरिस-बोर्दो तारेवर चाचणी झाली आणि वर्ष संपता संपता सुमारे १७०० किलोमीटर लांबीच्या पॅरिस-रोम तारेवर हे यंत्र चालू लागले. १८७८च्या पॅरिसमधील जागतिक प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळाले. बोदोंना लीजन ऑफ ऑनर हा सन्मानही मिळाला. वाचताना वाटते, शेतकऱ्याच्या पोराचे दैव उघडले. पण हे सारे संशोधन करताना त्यांना बहुतांशी स्वतःच्या खिशातून खर्च करावा लागला होता. १८८० साली तेच सुवर्णपदक त्यांनी विकले. पदोन्नती मिळाल्या, १८८२ साली ते निरीक्षक-अभियंता झाले. पण नोकरीच्या सुरुवातीच्या काळातच जडलेले दुखणे त्यांना शेवटपर्यंत सोडून गेले नाही.

श्रेयाचा वादही वाट्याला आला. त्याच खात्यातील लुई व्हिक्टर मिमो याने पाच ठोक्यांची कल्पना मूळ आपली असल्याचे म्हणून १८७७ साली दावा लावला. न्यायालयाने आधी मिमोच्या बाजूने कौल दिला, मग तो फिरला आणि खर्चाचा बोजा मिमोवर पडला. पुढे त्याच्या मागण्या तपासणाऱ्या समितीचे प्रमुख रेनो यांनीही त्या नाकारल्या. १८८८ साली मिमोने रेनो यांना गोळी घालून ठार केले. मिमोला केवळ वेडा म्हणून बाजूला सारणे मला जमत नाही. पाच दुहेरी खुणांनी अक्षरे लिहिता येतात, ही कल्पना या दोघांच्याही आधी इतरांना सुचलेली होती. बोदोंचे श्रेय मला दिसते ते त्या तबकडीत, तारेचा वेळ चौघांत बिनचूक वाटून देण्यात.

१५ जानेवारी १८९० रोजी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, बोदोंनी लग्न केले. पत्नी ९ एप्रिलला वारली. तीन महिनेही पुरे झाले नव्हते. त्यानंतर त्यांनी १३ वर्षे काम केले आणि २८ मार्च १९०३ रोजी पॅरिसजवळच्या सो या गावी, ५७ वर्षांचे असताना, त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या मागे पाच ठोक्यांची लिपी चालू राहिली. न्यूझीलंडचे डोनाल्ड मरे यांनी टंकयंत्रासारख्या कळा जोडून ती बदलली आणि कारकून खटक्याच्या तालातून सुटला. त्यातून टेलिप्रिंटर आले. १९२६ साली तारेच्या वेगाच्या एककाला बोदोंचे नाव द्यावे असा प्रस्ताव आंतरराष्ट्रीय समितीत आला : सेकंदाला एक ठोका म्हणजे एक बॉड. येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. बॉड म्हणजे बिट नव्हे. साध्या केबलीवर दोन्ही सारखे असतात; पण १२०० बिटांचा जुना मोडेम ६०० बॉडवरच चाले, कारण त्याच्या प्रत्येक ठोक्यात दोन बिटे असत. मीही ही चूक वर्षानुवर्षे केली.

युनिक्स जन्मले तेव्हा त्याचे पहिले टर्मिनल म्हणजे टेलिटाइप होते, ११० बॉडचे. म्हणून त्यातल्या प्रत्येक टर्मिनलचे नाव टीटीवाय. भारतातील तारसेवा जुलै २०१३मध्ये बंद झाली. सॅक आणि टीटीवायमॉनची जोडीही आता नव्या यंत्रांत दिसत नाही. पण आजच्या लिनक्समध्ये वेगांची यादी उघडून पाहा : बी५०, बी७५, बी११०, आणि पुढे बी९६००. यातला बी बॉडचा. बी५० हा टेलेक्सचा वेग आहे. त्या वेगाचे टर्मिनल मी कधी पाहिलेले नाही. आणि सगळ्यात वर आहे बी०. ओळीचा वेग बी० केला की समोरच्याचा फोन खाली ठेवला जातो.