एड्सगर डाइक्स्ट्रा यांचें चरित्र

भूमितीच्या तासाला एक प्रकार आमच्या नेहमीं दृष्टीस पडतो. एका बाकावरील दोन मुलांपैकीं एकापाशीं कर्कटक असतें, दुसऱ्यापाशीं पट्टी. आणि आकृति काढण्यास तर दोन्हीं हवींत. पहिला पट्टीची वाट पाहतो, दुसरा कर्कटकाची, आणि हातचें कोणीच सोडीत नाहीं. तास संपतो व दोन्हीं वह्या कोऱ्या राहतात. दोघांपैकीं एकहि मुलगा दुष्ट नसतो, आळशीहि नसतो. तरी दोघांचें काम बुडतें. संगणकाच्या पोटांत अशीच कोंडी होत असते. ती कशी टाळावी याचा शास्त्रशुद्ध विचार ज्यांनीं आरंभींच्या काळांत केला, त्या एड्सगर डाइक्स्ट्रा यांचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

डाइक्स्ट्रा यांचा जन्म हॉलंड देशांतील रॉटरडॅम शहरीं ११ मे १९३० रोजीं झाला. वडील हायस्कुलांत रसायनशास्त्र शिकवीत. आई गणितांत निष्णात होती. त्यांच्या दहाव्या वाढदिवसाच्या आदल्याच दिवशीं जर्मन सैन्य देशांत घुसलें, आणि १४ मे १९४० रोजीं बाँबच्या वर्षावांत रॉटरडॅमचा मध्यभाग जळून खाक झाला. पुढें कायद्याचा अभ्यास करून संयुक्त राष्ट्रसंघांत आपल्या देशाची बाजू मांडावी, असें या मुलाच्या मनांत होतें. परंतु शास्त्रविषयांतील त्याची गति असामान्य असल्यामुळें तो लायडनच्या विद्यापीठांत गणित व भौतिकशास्त्र यांकडे वळला.

१९५१ सालीं केंब्रिज येथें भरलेल्या एका उन्हाळी वर्गांत त्यांस संगणकाचा प्रथम परिचय झाला, व १९५२ पासून ते अॅम्स्टरडॅमच्या गणितकेंद्रांत प्रोग्रामर म्हणून काम करूं लागले. हा धंदा तेव्हां इतका नवा होता कीं, १९५७ सालीं विवाहाच्या नोंदींत त्यांनीं तो लिहितांच अधिकाऱ्यांनीं असा धंदाच नाहीं म्हणून तो नाकारला, आणि त्यांस भौतिकशास्त्रज्ञ असें लिहावें लागलें.

याच सुमारास त्यांच्यापुढें एक भयंकर वाटणारा प्रश्न उभा राहिला. लूपस्ट्रा व स्खोल्टन हे त्यांचे सहकारी एक नवें यंत्र रचीत होते. त्यांत अशी योजना होती कीं, छपाईच्या किंवा वाचनाच्या उपकरणानें वाटेल त्या क्षणीं मुख्य यंत्राचें काम थांबवून आपल्याकडे लक्ष वेधावें. तोंवर यंत्राची चूक झाल्यास तेंच काम पुन्हां करून ती शोधतां येत असे. आतां मात्र कोणता क्षण केव्हां येईल याचा नेम राहिला नाहीं; एकदां घडलेली चूक पुन्हां घडेलच असें नाहीं, आणि मग ती सांपडावी कशी? डाइक्स्ट्रा यांस याची खरोखर भीति वाटली व त्यांनीं कित्येक दिवस होकार दिला नाहीं. शेवटीं त्यांनीं ती जबाबदारी पत्करली. अनुभवानें चूक सांपडण्याची वाट न पाहतां, चूक होऊंच शकत नाहीं हें आधीं विचारानें सिद्ध करावयाचें, असा मार्ग त्यांनीं धरिला. याच कामावरील प्रबंधास १९५९ सालीं त्यांस डॉक्टरची पदवी मिळाली.

१९६२ सालीं ते आइंडहोवेन येथें प्राध्यापक झाले. तेथें मोजक्या सहकाऱ्यांसह त्यांनीं एक ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणकाचा कारभार पाहणारी व्यवस्था, निर्माण केली. एकाच यंत्रावर अनेक कामें चालत व त्या सर्वांस तीच स्मरणपेटी व तींच उपकरणें वापरावीं लागत. रेल्वेच्या सिग्नलावरून कल्पना घेऊन त्यांनीं कामांसाठीं थांबण्याच्या व पुढें जाण्याच्या खुणा ठरविल्या. परंतु खुणा असूनहि कोंडी होऊं शकते. प्रत्येक काम हातचें धरून दुसऱ्याच्या हातचें मागूं लागलें व अशा मागण्यांचें वर्तुळ पुरें झालें, कीं सर्वच थांबतात.

१९६५ सालीं त्यांनीं परीक्षेसाठीं असाच एक प्रश्न घातला. इंग्लंडचे टोनी होअर यांनीं त्यास जें रूप दिलें तें जगभर प्रसिद्ध आहे. वाटोळ्या मेजाभोंवतीं पांच तत्त्वज्ञ जेवावयास बसले आहेत. दोघादोघांमध्यें एकेक काटा आहे, आणि जेवणास दोन काटे लागतात. पांचांनींहि एकदम डावीकडचा काटा उचलला, तर पांचहि जण उपाशी राहतील. काट्यांस एक ते पांच असे क्रमांक देऊन प्रत्येकानें लहान क्रमांकाचा काटा आधीं उचलावा, असा नियम केला तर एकाला उजवीकडून आरंभ करावा लागतो, वर्तुळ तुटतें, आणि कोंडी अशक्य होते.

दुसरा उपाय त्यांनीं सावकाराच्या दृष्टांतानें सांगितला. समजा, सावकारापाशीं दहा नाणीं आहेत. पहिल्या कुळानें आपली कमाल गरज आठ व दुसऱ्यानें सहा अशी आधींच सांगितली आहे. पहिल्यास चार व दुसऱ्यास तीन दिलीं. पेटींत तीन उरलीं. आतां पहिला आणखी एक मागतो. तें दिलें तर पेटींत दोन राहतील, आणि दोघांसहि पुढें तीन तीन लागूं शकतील. मग कोणाचेंच काम पुरें न होण्याचा धोका आहे. म्हणून पेटींत नाणीं असतांहि शहाणा सावकार पहिल्यास थांबवितो. दुसऱ्यास हवीं तर तीन देतो. तो काम संपवून सहाहि परत करतो, आणि मग पहिल्याचीहि सोय होते. कामांची कमाल गरज आधीं क्वचितच कळते, त्यामुळें आजच्या सामान्य संगणकांत हा हिशेब फारसा वापरीत नाहींत. पण कोंडीचा विचार शिकविण्यास तो अद्यापि आदर्श मानला जातो.

१९७२ सालीं त्यांस संगणकशास्त्रांतील अत्युच्च असें ट्युरिंग पारितोषिक मिळालें. १९८४ पासून १९९९ पर्यंत ते अमेरिकेंत टेक्सस विद्यापीठांत ऑस्टिन येथें अध्यापन करीत होते. संगणकाचे एवढे मोठे पंडित, पण आपले विचार ते फाउंटनपेननें सुवाच्य अक्षरांत कागदावर लिहीत. अशीं तेराशेंहून अधिक टिपणें त्यांनीं मागें ठेविलीं. ६ ऑगस्ट २००२ रोजीं हॉलंडमधील न्यूनेन या गांवीं त्यांचें निधन झालें.

पेटींत नाणीं दिसत असतां आपणांस कां थांबविलें, असें पहिल्या कुळास वाटणें स्वाभाविक आहे. घरीं व शाळेंतहि आपणांस पुष्कळदां असें थांबावें लागतें, आणि तेव्हां आपला अपमान झाला असें आपणांस वाटतें. परंतु आपल्या थांबण्यानें शेजाऱ्याचें काम पुरें होतें व अखेर आपलेंहि होतें, हें त्या हिशेबांत स्पष्ट दिसतें. शेजाऱ्यावर प्रीति करावी हें आम्ही मुलांस प्रार्थनेच्या वेळीं शिकवितों. तेंच गणिताच्या तासालाहि सिद्ध होतांना पाहून आम्हांस मोठें समाधान वाटतें. उद्यां भूमितीच्या तासाला एकानें तरी हातचें कर्कटक आधीं शेजाऱ्यास द्यावें, एवढीच आमची विनंति आहे.