औंधचे पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्कार आणि तुमचे दुखावलेले मनगट

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मनगटाच्या दुखापती नेहमी दिसतात. कुणी दुचाकीवरून पडतो, कुणाचा हात मशीनवर काम करताना मुरगळतो. प्लास्टर निघाले की व्यायामाची सवय असलेले रुग्ण विचारतात, "जोर आणि सूर्यनमस्कार कधी सुरू करू?" तुम्हालाही हा प्रश्न पडला असेल, तर सूर्यनमस्काराचा प्रसार करणाऱ्या औंधच्या राजांचे आयुष्य जाणून घ्या. आपल्याला झेपेल असा व्यायाम कसा निवडावा, हे त्यातून कळते.

कोण होते हे राजे?

भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ चा. औंध हे आजच्या सातारा जिल्ह्यातील गाव त्यांच्या छोट्या संस्थानाची राजधानी होते. १९०९ मध्ये ते गादीवर आले. ते स्वतः चित्रकार होते, कीर्तनही करत. औंधचे श्री भवानी संग्रहालय त्यांनीच उभारले. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा हवी होती, तेव्हा ती बाळासाहेबांनी आपल्या संस्थानात दिली. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली. पुढे १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी राज्यघटना लागू करून कारभार प्रजेच्या हाती सोपवला.

डंबेल्सकडून सूर्यनमस्काराकडे

त्या काळी युजेन सँडो हा युरोपातील पहिलवान जगभर गाजत होता. बाळासाहेबांनी १८९७ मध्ये सँडोची पुस्तके आणि व्यायामाची साधने विकत घेतली आणि सुमारे दहा वर्षे त्या पद्धतीने नियमित व्यायाम केला. नंतर मिरजेच्या राजांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले. तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्या आसपास होते. दहा वर्षांची सवय बदलायला ते कचरले नाहीत.

राजघराण्यातील मंडळीही नमस्कार घालू लागली. संस्थानातील शाळांत ते सुरू झाले. १९३८ मध्ये त्यांचे सूर्यनमस्कारावरील इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. सर्वांनी सारखेच नमस्कार घालावेत, असा मात्र त्यांचा आग्रह नव्हता. लहान मुलांसाठी कमी संख्या आणि मोठ्यांसाठी जास्त, तीही हळूहळू वाढवायची, अशी त्यांची पद्धत होती. १९५१ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

दुखावलेल्या मनगटाला नमस्कार का झेपत नाही?

बाळासाहेबांच्या पद्धतीत दहा स्थिती आहेत आणि त्यांपैकी बहुतेक स्थितींत तळवे जमिनीवर टेकलेले असतात. अशा वेळी मनगट मागच्या बाजूला जवळजवळ काटकोनात वाकते आणि शरीराचा बराच भार त्यावर येतो. नुकत्याच जुळलेल्या हाडाला किंवा ताणलेल्या स्नायुबंधाला तो सहन होत नाही. घाई केली तर दुखणे लांबते आणि कामावर परतणेही लांबते. उलट, भीतीपोटी हात गळ्यात अडकवून ठेवला तर बोटे आणि खांदा आखडतात.

व्यायाम कसा बदलाल?

- प्लास्टर असताना (साधारण सहा आठवडे): बोटे, कोपर आणि खांदा दिवसातून अनेक वेळा हलवा. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर चालणे आणि बैठका सुरू ठेवा. तोल जाईल असे काही करू नका.
- प्लास्टर निघाल्यावर: आधी हालचाल, मग ताकद. मनगट हळूहळू वर-खाली करा, तळवा वर-खाली फिरवा. नंतर मऊ चेंडू किंवा ओला टॉवेल पिळून पकड वाढवा.
- नमस्काराऐवजी: खुर्चीवर बसून हात वर नेणे आणि पुढे वाकणे करता येते. मनगटावर भार न येता पोटाची आणि खांद्याची ताकद राखायची असेल, तर कोपरांवर टेकून प्लँक करा.
- भार घेताना: डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट यांनी होकार दिल्यावर आधी भिंतीवर हात टेकून जोर काढा, मग ओट्यावर किंवा भक्कम टेबलावर आणि शेवटी जमिनीवर. हाड मोडले असेल तर जमिनीपर्यंत यायला अनेकांना तीन महिने किंवा त्याहून जास्त लागतात.
- मनगट सरळ ठेवा: जमिनीवर तळवा टेकण्याऐवजी जोर काढण्याचे हँडल वापरले तर मनगट कमी वाकते. डंबेल हलके घ्या आणि अंगठा वरच्या बाजूला ठेवा.

व्यायामानंतर थोडे अवघडल्यासारखे वाटणे चालते. दुखणे दुसऱ्या दिवशीही वाढलेले असेल किंवा सूज आली असेल, तर एक पायरी मागे या.

डॉक्टरांकडे कधी जावे?

प्लास्टरमध्ये दुखणे वाढत असेल, बोटे बधिर, थंड किंवा निळसर पडत असतील तर लगेच रुग्णालयात जा. पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल, तर 'मुरगळले असेल' म्हणून सोडून देऊ नका. तिथल्या छोट्या हाडाची चीर पहिल्या एक्स-रेमध्ये दिसत नाही असेही होते, त्यामुळे पुन्हा तपासणी लागू शकते.

पूर्वी तुम्ही रोज शंभर जोर काढत असाल. आज भिंतीवरचे दहा पुरेसे आहेत. पुढच्या आठवड्यात त्यात दोनची भर घाला. बाळासाहेबांनी आपल्या प्रजेलाही हेच शिकवले होते: आपल्याला झेपेल तेवढ्यापासून सुरुवात करायची आणि नेमाने वाढवत जायचे.