समूहासाठी चाल : मास्टर कृष्णराव

मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांचे नाव घेतले की मराठी रसिकांना गंधर्व नाटक मंडळीची पदे आणि प्रभात चित्रसंस्थेची गाणी आठवतात. त्यांच्या कीर्तीचा मोठा भाग या दोन संस्थांशी निगडित आहे, हे खरेच. परंतु या कलावंताने आयुष्यातील कितीतरी वर्षे एका गीताच्या चालीसाठी वेचली आणि त्यासाठी मानहानीही सोसली. ते गीत म्हणजे 'वंदे मातरम्'.

कृष्णरावांचा जन्म 20 जानेवारी 1898 रोजी आळंदी येथे झाला. इंद्रायणीकाठच्या या गावात टाळमृदंगाचा गजर आणि शेकडो कंठांनी एकत्र म्हटलेले अभंग लहानपणापासूनच त्यांच्या कानांवर पडत होते. गोड गळ्यामुळे ते बालवयातच नाट्यकला प्रवर्तक मंडळीत दाखल झाले. त्यांचे गाणे ऐकून लोक त्यांना 'मास्टर' म्हणू लागले आणि हे संबोधन त्यांना जन्मभर चिकटले. पुढे त्यांना भास्करबुवा बखले यांचे शिष्यत्व लाभले. भास्करबुवांनी ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही घराण्यांची विद्या आत्मसात केली होती. गुरूंच्या या समृद्ध ठेव्यातून कृष्णरावांनी स्वतःची चपळ आणि खेळकर गायकी घडवली. एखादी हरकत कोठून उगवेल आणि कोठे विसावेल, याचा श्रोत्यांना अंदाज बांधता येत नसे.

1922 मध्ये भास्करबुवा निवर्तले. त्यानंतर गंधर्व नाटक मंडळीच्या अनेक नाटकांना कृष्णरावांनी संगीत दिले. 'कान्होपात्रा' नाटकातील त्यांच्या भजनांनी प्रेक्षकांना वेड लावले. प्रभातसाठी त्यांनी 'धर्मात्मा', 'अमर ज्योती', 'माणूस' अशा चित्रपटांचे संगीत केले. 'माणूस'मध्ये तर एकच गाणे अनेक भारतीय भाषांतून फिरते. 1941 साली आलेला 'शेजारी' हा हिंदू-मुसलमान मैत्रीची कथा सांगणारा चित्रपट. त्यातील समूहनृत्याचे गीत मराठी समूहगीतांत आजही मानाने आठवले जाते. अनेकांचा आवाज एकत्र आला म्हणजे त्याचे काय होते, कोणता स्वर पेलवतो आणि कोणता निसटतो, याचे ज्ञान त्यांना नाटक-चित्रपटांच्या या कामातून मिळाले असावे.

'वंदे मातरम्' हे गीत बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांच्या 'आनंदमठ' या 1882 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत आहे. 1896 च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये रवींद्रनाथ ठाकुरांनी ते स्वतः गायले. 1905 च्या वंगभंगानंतर ते देशभर घुमू लागले. मात्र त्याची सर्वमान्य अशी एक चाल कधीच नव्हती. रवींद्रनाथांच्या आवाजातील एक जुने ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळते. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ते काफी रागात गायले, तर पुढे चित्रपटातील तुकाराम म्हणून गाजलेल्या विष्णुपंत पागनिसांनी सारंगात. आझाद हिंद सेनेसाठी तिमिर बरन यांनी दुर्गा रागात कवायतीच्या ठेक्याची चाल बांधली. ओंकारनाथ ठाकुरांनी ते धीरगंभीर आलापीने नटवले. कोणी आलापावर लुब्ध होई, तर कोणाला कवायतीचा ठेकाच हवासा वाटे. अमुक चाल अती शास्त्रीय, तमुक चाल अगदीच सोपी, अशी तक्रार दोन्ही बाजूंनी ऐकू येई.

मतभेद केवळ चालीपुरते नव्हते. गीताच्या उत्तरार्धात मातृभूमीला देवीच्या रूपात वंदन केलेले असल्यामुळे अनेक मुसलमान देशबांधवांना ते म्हणणे आपल्या श्रद्धेच्या विरुद्ध वाटे. 1923 च्या काकिनाडा काँग्रेसमध्ये अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली यांनी हरकत घेतली असतानाही पलुस्करांनी गीत पूर्ण केले. अखेर 1937 मध्ये काँग्रेस कार्यसमितीने, रवींद्रनाथांचा सल्ला विचारात घेऊन, पहिली दोन कडवीच सभांतून गावीत असे ठरवले. हा निर्णय काहींना समंजस वाटला, तर काहींना गीताचे अंगच तोडल्यासारखे वाटले. दोन्ही भावनांच्या मुळाशी प्रामाणिकपणा होता, हे आज त्या काळाकडे पाहताना नाकारता येत नाही.

अशा वातावरणात कृष्णरावांनी या गीतासाठी झिंझोटी रागाची निवड केली. ही निवड विचारपूर्वक होती. झिंझोटी हा खमाज थाटातील राग. भजनांत, ठुमरीत, लोकधुनांत त्याचा वावर असल्याने तो सामान्य माणसाच्या कानाला परका वाटत नाही. त्याची खुलावट मुख्यतः मंद्र आणि मध्य सप्तकात होते, म्हणून शाळकरी मुले, स्त्रिया आणि प्रौढ पुरुष यांना तो एकत्र गाता येतो. गीताची भाषा संस्कृतप्रचुर आहे, लांबलचक समास आहेत. चालही अवघड झाली तर हजारोंचा समुदाय एका श्वासात ते म्हणणार तरी कसा? स्वतःच्या मैफलीत क्षणोक्षणी नवी वळणे घेणाऱ्या या गायकाने येथे साऱ्या हरकती बाजूला ठेवल्या. ज्या गुणांनी त्यांना नावलौकिक मिळाला, नेमके तेच गुण त्यांनी या चालीतून वगळले. कलावंताला हे सोपे नसते.

स्वातंत्र्यापूर्वी मुंबईच्या नभोवाणी केंद्रावर कार्यक्रम चालू असताना कृष्णरावांनी 'वंदे मातरम्'ला प्रारंभ केला आणि केंद्राने त्यांचे प्रक्षेपण तत्काळ बंद पाडले. त्यांनी नभोवाणीवर बहिष्कार टाकला. त्या काळी नभोवाणी हे गायकाला घरोघरी पोहोचवणारे मोठे साधन होते. त्यामुळे या बहिष्काराची झळ सरकारला फारशी लागली नसेल, पण गायकाला ती निश्चितच लागली. 1947 मध्ये सरदार वल्लभभाई पटेलांच्या पुढाकाराने ते पुन्हा नभोवाणीवर आले आणि तेथे हेच गीत गायले.

14 ऑगस्ट 1947 च्या मध्यरात्री संविधान सभेची बैठक सुचेता कृपलानी यांनी गायलेल्या 'वंदे मातरम्'ने सुरू झाली. 15 ऑगस्टच्या पहाटे नभोवाणीवरून ओंकारनाथांचे गायन देशाने ऐकले. तरीही राष्ट्रगीत कोणते, हा प्रश्न उरलाच होता. त्याच वर्षी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी वाद्यवृंदाने 'जन गण मन' वाजवले आणि ते परदेशी श्रोत्यांना आवडले. ऑगस्ट 1948 मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी आपली भूमिका मांडली. 'वंदे मातरम्'चे ऐतिहासिक स्थान त्यांना मान्य होते. परंतु त्याची चाल वाद्यवृंदाला आणि विशेषतः लष्करी बँडला मानवणारी नाही, असे त्यांचे मत होते.

कृष्णरावांनी हा आक्षेप झिडकारला नाही. त्यांनी तो कारागिराच्या वृत्तीने तपासला. बँडमधील पितळी वाद्यांवर स्वर ठरावीक जागी उमटतो. आपल्या गायनातली मींड, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची लकब, त्यांना सहज साधत नाही. त्यामुळे स्वर सुटे, ठसठशीत आणि पावलांच्या गतीशी जुळणारे हवेत. मुंबईतील एका इंग्रज बँडप्रमुखाच्या साहाय्याने त्यांनी आपल्या चालीची बँडसाठी स्वरलेखनासह मांडणी करून घेतली. तिची ध्वनिमुद्रणे झाली. मग दिल्लीला जाऊन त्यांनी संविधान सभेच्या सदस्यांसमोर गायनाची आणि बँडवर वाजवलेल्या चालीची प्रात्यक्षिके दाखवली. अनेकांनी त्यांचे कौतुक केले, तरी निर्णय पालटला नाही. 24 जानेवारी 1950 रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी 'जन गण मन' हे राष्ट्रगीत असल्याचे आणि 'वंदे मातरम्'ला समान सन्मान राहील असे घोषित केले. बँडवर वाजणार नाही हा आक्षेप कृष्णरावांनी प्रत्यक्ष कृतीने दूर केला होता. पण राष्ट्रगीताच्या निवडीत केवळ संगीताचा विचार नव्हता, आणि गीताच्या आशयाविषयीचे मतभेद कोणत्याही रागाने मिटण्याजोगे नव्हते.

एकच गीत आणि चाली अनेक, असा पेच पुढे शेजारच्या कर्नाटकातही उद्भवला. बंगळुरूच्या चामराजपेट येथील कन्नड साहित्य परिषदेच्या संमेलनांत कुवेंपूंचे नाडगीत गायले जाते. ते 2004 साली राज्यगीत झाले, तरी म्हैसूर अनंतस्वामींची चाल घ्यावी की सी. अश्वथ यांची, यावर रसिकांत दीर्घकाळ दुफळी होती. 2022 मध्ये शासनाने अनंतस्वामींची चाल आणि अडीच मिनिटांचा अवधी निश्चित केला. 'वंदे मातरम्'च्या बाबतीत मात्र निरनिराळ्या चाली आपापल्या जागी नांदत राहिल्या. 1952 च्या 'आनंदमठ' चित्रपटातील हेमंतकुमारांची चाल अनेकांच्या ओठी बसली, तर आकाशवाणीच्या श्रोत्यांना देस रागातली चाल सवयीची झाली.

1950 नंतर कृष्णराव खचून बसले नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इच्छेनुसार त्यांनी पाली भाषेतील बुद्धवंदनेला चाल दिली. तेथेही अट तीच होती : शिकलेल्या व न शिकलेल्या साऱ्यांना ती एकसुरात म्हणता यावी. 'रागसंग्रहमाला' या ग्रंथमालेतून त्यांनी बंदिशी स्वरलिपीसह विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवल्या, आणि गुरूंनी 1911 साली स्थापन केलेल्या पुण्याच्या भारत गायन समाजाची धुराही वाहिली. 1971 मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला. 20 ऑक्टोबर 1974 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. झिंझोटीतील त्यांचे 'वंदे मातरम्' ध्वनिमुद्रिकांवर उरले आहे. ते ऐकताना काही श्रोत्यांना ओंकारनाथांचे गांभीर्य आठवते आणि हे गाणे फारच साधे वाटते. इतर काही श्रोते मात्र दुसऱ्या ओळीपासून नकळत त्यात आपला आवाज मिळवू लागतात.